मोटारीच्या कारखान्यासाठी अमेरिकेला गेले आणि विमानाचा कारखाना घेऊन आले; जुन्या फियाटमागच्या वालचंद हिराचंद यांची गोष्ट

मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबई-पुण्याच्या गाड्या माणगाव, म्हसळा करत दिवेआगरकडे वळतात. काही जण आगरदांड्याला गाडी बोटीत चढवतात आणि खाडी ओलांडून दिघीला उतरतात. नव्या कोऱ्या एसयूव्हींच्या या रांगेत एखादी जुनी फियाट दिसली, की सगळ्यांच्या माना तिकडं वळतात. मोबाइल बाहेर निघतात, फोटो होतात आणि कोणीतरी हमखास सांगतं की आमच्या आजोबांकडे अशीच होती.

जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं, मग ते मुंबईत असो नाहीतर किनाऱ्यावरच्या एखाद्या गावात, तिथला पहिला प्रश्न ठरलेला असतो. गाडी ओरिजिनल आहे का? इंजिन तेच आहे का, बॉडी कापलीय का, चॅसी बदललीय का?

हा फक्त शौकिनांचा हट्ट राहिलेला नाही, तो आता कायदा आहे. २०२१ साली केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेलेली आणि चॅसी, बॉडी, इंजिन यात मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये आणि मुदत १० वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणता येते.

आता इथं एक गंमत आहे. प्रीमियर पद्मिनी हे नाव आलं १९७४ साली. म्हणजे पहिल्या पद्मिनींनी नुकतीच पन्नाशी ओलांडली. जी गाडी काल-परवापर्यंत मुंबईची टॅक्सी होती, ती आज राजे-महाराजांच्या रोल्स रॉइसच्या रांगेत उभी राहू शकते.

ज्या कंपनीत ही गाडी बनायची ती उभी करणाऱ्या माणसाला मात्र पद्मिनी बघायला मिळाली नाही. ती येण्याच्या २१ वर्षं आधीच ते गेले होते. पण भारतात मोटार बनली पाहिजे यासाठी त्यांनी जेवढे दरवाजे ठोठावले, तेवढे क्वचितच कोणी ठोठावले असतील. त्यांचं नाव वालचंद हिराचंद दोशी.

सोलापूरचा कंत्राटदार

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात वालचंद यांचा जन्म झाला. कुटुंब मूळचं सौराष्ट्रातलं, गुजराती दिगंबर जैन. घरात व्यापार आणि सावकारी. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली.

मॅट्रिक झाले, कॉलेजात गेले, पण शिक्षण अर्धवट राहिलं आणि ते घरच्या धंद्यात आले. पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचं मन काही रमलं नाही.

तेव्हा त्यांची गाठ पडली लक्ष्मणराव फाटक यांच्याशी. फाटक रेल्वेत कारकून होते, नोकरी सोडून कंत्राटदारीत उतरले होते. त्यांना कामाची माहिती होती, वालचंद यांच्याकडे भांडवल उभं करायची ताकद होती. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या एका छोट्या पट्ट्याचं काम घेतलं. गाडी छोटी, रूळ अरुंद, पण वालचंद यांच्या आयुष्याची दिशा तिथं ठरली.

पुढं कामं मोठी होत गेली. मुंबई-पुणे रेल्वेचे बोरघाटातले बोगदे, मुंबईला पाणी आणणारी तानसाची जलवाहिनी अशी कामं त्यांच्या कंपन्यांनी केली. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी सुरू झाली. मालेगावजवळ रावळगावला त्यांनी माळरान विकत घेतलं, ते शेतीखाली आणलं आणि १९३३ साली तिथं साखर कारखाना काढला. पुढं त्याच रावळगावची गोळी महाराष्ट्रातल्या पोराटोरांच्या खिशात पोहोचली. इंदापूर तालुक्यात कळंबच्या खडकाळ रानात कारखाना आणि त्याच्याभोवती गाव वसलं. ते आजचं वालचंदनगर.

एवढ्यावर थांबले असते तरी नाव झालं असतं. पण वालचंद यांना चालणाऱ्या, तरंगणाऱ्या आणि उडणाऱ्या गोष्टींचं वेड होतं, आणि त्या काळात या तिन्ही गोष्टींच्या चाव्या इंग्रजांच्या हातात होत्या.

पहिला डाव समुद्रात

पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. युद्धात जहाजं बुडाल्यामुळे माल न्यायला जहाज मिळत नव्हतं, भाडी आभाळाला भिडली होती. अशात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं एक जहाज विकायचं आहे, अशी बातमी वालचंद यांच्या कानावर आली. जहाजाचं नाव लॉयल्टी. युद्धात ते दवाखान्याचं जहाज म्हणून वापरलं गेलं होतं.

वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना सोबत घेतलं आणि जहाज विकत घेतलं. कंपनीला नाव दिलं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. जहाजावर स्वतः वालचंद होते. भारतीय मालकीच्या कंपनीचं जहाज आंतरराष्ट्रीय मार्गावर निघाल्याचा तो दिवस आजही देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

पण समुद्रावर राज्य होतं लॉर्ड इंचकेप यांच्या पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांचं. नवा भिडू आला की भाडी पाडायची, त्याला तोट्यात घालायचं आणि तो बुडाला की भाडी पुन्हा चढवायची, ही त्यांची जुनी पद्धत. याआधी अनेक देशी कंपन्या अशाच संपल्या होत्या.

सिंदिया तग धरून राहिली, पण किंमत मोजून. १९२३ साली १० वर्षांचा करार झाला. सिंदियानं परदेशी मार्ग सोडायचे, किनाऱ्यावरचा व्यापार करायचा आणि तोही ठरवून दिलेल्या मर्यादेत. लंडनला जाऊन आलेल्या कंपनीला किनाऱ्याला बांधून टाकणारी ही अट होती. पण कंपनी जगली. १९२९ साली नरोत्तम मोरारजी यांच्या निधनानंतर वालचंद तिचे अध्यक्ष झाले.

इथंच त्यांचा संबंध कोकणच्या किनाऱ्याशी येतो. आज दिवेआगरला जायला रस्ता आहे. तेव्हा दिवेआगर आणि श्रीवर्धन हा भाग जंजिरा संस्थानात होता, मध्ये खाड्या होत्या आणि मुंबईला जायचं म्हणजे कोकणी माणसासाठी आगबोट. नोकरीला जाणारा चाकरमानी, गणपतीला येणारं कुटुंब, सुपारीची आणि आंब्याची पाठवणी, सगळं बोटीच्या भरवशावर. या किनाऱ्यावर बोटी चालवणारी मोठी कंपनी होती बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन. १९३९ साली ती सिंदियाच्या ताब्यात आली. म्हणजे कोकणात वालचंद यांच्या कंपनीची मोटार पोहोचण्याच्या कितीतरी आधी त्यांची बोट पोहोचली होती.

मोटारीच्या नादात विमान

तिसाव्या दशकात भारतात मोटारी होत्या, पण त्या बनत नव्हत्या. जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना काढला. तिथं परदेशातून सुट्या भागांच्या पेट्या यायच्या आणि गाडी जुळवली जायची. फोर्डचंही काम तसंच. बोल्ट आवळायचं काम भारतीय कामगाराचं, बाकी सगळं बाहेरचं.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी हे बदलायचं मनावर घेतलं. युरोप-अमेरिकेतले कारखाने बघून ते १९३५ च्या सुमारास परतले आणि मुंबईत मोटार कारखाना काढायची योजना त्यांनी मांडली. वालचंद त्यांच्यासोबत उभे राहिले. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं काँग्रेस सरकार आलं, त्याचीही या योजनेला साथ होती. पण १९३९ साली दुसरं महायुद्ध सुरू झालं, काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि योजना लटकली.

वालचंद त्या वर्षी अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही. शेवटी क्रायस्लर कंपनी तयार झाली आणि पुढच्या वर्षी तिच्याशी करार झाला.

खरी गोष्ट घडली ती या अमेरिका दौऱ्यातल्या विमान प्रवासात. सहप्रवाशांत विल्यम पॉली नावाचे एक अमेरिकन गृहस्थ होते. चीनमध्ये त्यांची विमानं जुळवायची कंपनी होती. गप्पा सुरू झाल्या. चीनमध्ये होतं तर भारतात का नाही, हा विचार वालचंद यांच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. मोटारीची बोलणी करायला गेलेला माणूस विमानाच्या कारखान्याचे आकडे मांडत परत आला.

इंग्रज सरकार आधी ढिम्म होतं. पण युद्धाची झळ पूर्वेकडे यायला लागली तसं त्यांचंही मन पालटलं. म्हैसूर संस्थानानं आणि दिवाण मिर्झा इस्माईल यांनी बंगळुरूत जमीन दिली, भांडवलात वाटा घेतला. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. पॉली यांनी माणसं आणि यंत्रं आणली. १९४१ साली तिथं जुळवलेलं पहिलं विमान उडालं.

त्याच वर्षी, २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला सिंदियाच्या जहाज कारखान्याची पायाभरणी झाली. ती केली राजेंद्रप्रसाद यांनी. इंग्रजी राजवटीत अशा समारंभाला व्हाइसरॉयऐवजी काँग्रेसचा नेता बोलावणं म्हणजे सरकारला सरळ चिमटा होता.

जहाज आणि विमान दोन्ही सुरू झालं. मोटार मात्र अजून कागदावरच होती. वालचंद यांनी म्हैसूर संस्थानासोबत बंगळुरूत मोटार कारखान्याचाही प्रयत्न केला. दिल्लीच्या सरकारनं मोटार उद्योग युद्धाच्या कामाचा नाही असं ठरवून परवानगी आणि परकीय चलन अडवून धरलं. युद्धात हजारो लष्करी ट्रक लागत असताना हे कारण देण्यात आलं, हे विशेष.

एप्रिल १९४२

एप्रिल १९४२ वालचंद यांच्यासाठी अवघड महिना ठरला. ६ एप्रिलला जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. जहाज कारखान्याचं काम विस्कटलं, यंत्रसामग्री मुंबईला हलवावी लागली. त्याच महिन्यात भारत सरकारनं वालचंद यांचा हिस्सा घेऊन बंगळुरूच्या विमान कारखान्याचा कारभार ताब्यात घेतला. युद्धकाळात असा कारखाना खासगी हातात ठेवायचा नाही, असं सरकारचं म्हणणं होतं. पैसे मिळाले, पण दीड वर्षात उभं केलेलं काम हातातून गेलं. तीच कंपनी पुढं हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली. तेजस लढाऊ विमान बनवणारी, एचएएल म्हणून ओळखली जाणारी कंपनी ती हीच.

वालचंद यांच्यावर टीकाही होत होती. हातात पुरेसा पैसा नसताना ते नवा उद्योग काढतात, एका कंपनीच्या जोरावर दुसरी उभी करतात, असं उद्योगवर्तुळात बोललं जायचं. त्यात तथ्य होतं. त्यांच्या योजना नेहमी त्यांच्या तिजोरीपेक्षा मोठ्या असायच्या. टाटा किंवा बिर्ला यांच्याएवढी संपत्ती त्यांच्यामागे कधीच नव्हती.

तरी त्यांनी मोटार सोडली नाही. १९४४ साली मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. कारखाना कुर्ल्याला. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स दोन वर्षं आधीच स्थापन झाली होती, त्यामुळे शर्यत आता दोन देशी कंपन्यांत होती. १९४७ साली, देश स्वतंत्र होत होता त्याच वर्षी कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो.

इथं ओरिजिनलचा प्रश्न पुन्हा येतो. या पहिल्या गाड्यांचेही भाग पेट्यांतूनच यायचे. कुर्ल्यात जुळवलेली प्लिमथ आणि शिवडीत जुळवलेली शेवरोले यात सुरुवातीला फार फरक नव्हता. फरक होता तो पुढच्या इराद्यात. एकेक सुटा भाग देशात बनवत जायचा आणि पेटी हलकी करत न्यायची, हा वालचंद यांचा बेत होता. त्यामुळं कुर्ल्याच्या गाडीत ओरिजिनल काय, याचं उत्तर गाडी कुठल्या सालची आहे त्यावर बदलतं. वर्ष पुढं सरकतं तसे तिच्यातले देशी भाग वाढत जातात.

जे बघायला मिळालं आणि जे राहिलं

१४ मार्च १९४८ रोजी विशाखापट्टणमच्या कारखान्यातून जलउषा हे जहाज पाण्यात उतरलं. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते हा समारंभ झाला. भारतात बांधलेलं ते पहिलं मोठं आधुनिक जहाज. वालचंद यांना हे बघायला मिळालं.

पुढच्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० साली ते कामातून निवृत्त झाले. शेवटच्या वर्षांत पत्नी कस्तुरबाई त्यांच्या सोबत होत्या. याच काळात प्रीमियरनं इटलीच्या फियाटशी हातमिळवणी केली आणि छोट्या गाड्यांकडे मोर्चा वळवला. थोराड अमेरिकन गाड्या पेट्रोल पीत होत्या. मध्यमवर्गीय भारतीयाला लागत होती छोटी, कमी खर्चाची गाडी.

१९५२ साली विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्यातला मोठा हिस्सा सरकारनं घेतला. विमान इंग्रज सरकारनं घेतलं होतं, जहाज कारखाना स्वतंत्र भारताच्या सरकारनं. जहाजबांधणी सरकारी पाठबळाशिवाय परवडत नव्हती, हेही खरंच. पण ज्या तीन कारखान्यांसाठी वालचंद यांनी आयुष्य वेचलं, त्यातला मोटारीचा एकच त्यांच्या घराण्याकडे राहिला.

८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला वालचंद यांचं निधन झालं. लॉयल्टी मुंबईतून निघाल्याला ३४ वर्षं आणि तीन दिवस झाले होते.

ज्याच्यासाठी ते पंधरा वर्षं भांडले ते धोरण त्याच वर्षी आलं. टॅरिफ कमिशननं शिफारस केली की ज्या कंपन्यांकडे टप्प्याटप्प्यानं गाडी भारतातच बनवायची योजना आहे त्यांनाच परवानगी द्यावी. नुसती जुळवाजुळव करणाऱ्यांना रस्ता बंद झाला. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही गाशा गुंडाळला. कुर्ल्याचा कारखाना राहिला.

डुक्कर फियाट ते पद्मिनी

१९५४ पासून कुर्ल्यात फियाट ११०० बनू लागली. पुढच्या बाजूला फुगीर नाक असलेल्या या गाडीला मुंबईकरांनी थेट डुक्कर फियाट म्हणायला सुरुवात केली. नाव हिणकस वाटलं तरी त्यात माया होती. मग सिलेक्ट आली, सुपर सिलेक्ट आली, साठच्या दशकात डिलाइट आली. १९७३ साली तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ साली प्रीमियर पद्मिनी, चितोडच्या राणीच्या नावावरून.

१०८९ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, स्टेअरिंगच्या दांड्याला गिअर. बिघडली तर कुठल्याही गावातला मेकॅनिक दुरुस्त करील अशी साधी रचना. कोकणातल्या घाटात बॉनेट उघडून, पाणी ओतून पुन्हा चालू केलेल्या फियाटची आठवण अनेक घरांत आहे.

या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. परवानाराजमध्ये स्पर्धा नव्हती, त्यामुळं गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागायचा आणि साठच्या दशकातली गाडी नव्वदच्या दशकातही जवळपास तशीच मिळायची. आज कौतुकानं जिला ओरिजिनल म्हणतो, ती कंपनीनंच फारशी बदलली नव्हती. परदेशी कंपन्यांना रोखणारं जे धोरण कुर्ल्याच्या पथ्यावर पडलं, त्यानंच कुर्ल्याला आळशीही केलं. मारुती आली आणि हिशेब उलटला. २००० च्या सुमारास पद्मिनीचं उत्पादन थांबलं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. २० वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली.

वालचंद यांच्या जहाज कारखान्यात आजही जहाजं बांधली जातात, विमान कारखान्यात विमानं बनतात. पण तिथल्या पाट्यांवर त्यांचं नाव नाही. वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटचे भाग बनतात. रावळगावची गोळी २०२४ साली रिलायन्सनं विकत घेतली. कोकणच्या बोटी कधीच बंद झाल्या, सिंदियाही संपली.

राहिल्या त्या लोकांच्या अंगणातल्या, शेडमधल्या, ताडपत्रीखालच्या गाड्या. त्या जपणाऱ्यांना सुटे भाग शोधत जुन्या बाजारात फिरावं लागतं, जुना मेकॅनिक हाताशी धरून ठेवावा लागतो. प्रदर्शनात परीक्षक बॉनेट उघडून इंजिन आणि चॅसीचे नंबर तपासतात, तेव्हा ते गाडी अस्सल आहे की नाही एवढंच बघत असतात. पण भारतात बनलेल्या या गाडीतला एकेक देशी भाग ही वालचंद यांच्या जुन्या हट्टाची नोंद आहे. म्हणून तो बदलायचा नसतो.